ताई, अंगावरून पांढरं जातंय, मला काही मोठं झालंय का?

"ताई, मी २४ वर्षांची आहे, लग्नाला ९ महिने झाले, सासर सातारा जिल्ह्यात. मला कॉलेजपासूनच अंगावरून पांढरं जातं पण लग्नानंतर जरा जास्तच वाटतंय. कधी पाण्यासारखं असतं, कधी चिकट, मधेच काही दिवस तार धरतं. वास नाही, खाज नाही. निकर वाळली की पिवळट डाग दिसतो आणि काळ्या निकरीचा तर मधला रंगच उडून तांबूस झालाय. एकदा कपडे धुताना सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, तुला धुपणी लागलीय, यानं हाडं झिजतात, म्हणूनच दिवस राहत नाहीत. तेव्हापासून मी दिवसातून दोनदा साबणानं आतपर्यंत धुते, पाण्यात जखमेला लावतात ते जंतुनाशक टाकते, मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब पण मेडिकलमधून आणून लावली आणि दिवसभर पॅड लावून ठेवते. आता आठ दिवस आतून जळजळ होतेय. कंबर दुखते, थकल्यासारखं होतं. नवऱ्याला काही बोलले नाही. दवाखान्यात जायचं तर सासूबाई बरोबर येणार, आणि डॉक्टर पुरुष असले तर? मला काही मोठं झालंय का? मूल होईल ना मला?"

अगं पोरी, तुझं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारी जेवताना पण तेच डोक्यात होतं, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुलाच लिहायला बसले. जे महत्त्वाचं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तू वर्णन केलंयस तसं पाणी, पांढरं किंवा पारदर्शक, वास नाही, खाज नाही, वर्षानुवर्षं येतंय, हा आजार नाहीये. ते तुझ्या शरीराचं रोजचं काम आहे. आठ दिवसांची जी जळजळ आहे ती मात्र नवीन आहे, आणि ती बहुतेक त्या जंतुनाशकानं, साबणानं आणि ट्यूबनं आणलीय. आजपासून तिन्ही बंद कर.

मी १९ वर्षं स्त्रीरोगाच्या ओपीडीत सिस्टर होते. केसपेपर घेऊन बाई आत यायची, काय होतंय विचारलं की म्हणायची कंबर दुखते, मग म्हणायची अशक्तपणा आहे, मग पायाला गोळे येतात, डॉक्टर लिहून द्यायचे, बाई उठायची, दारापर्यंत जायची आणि तिथे थांबून पदर तोंडाशी धरून मला हळूच म्हणायची, "सिस्टर, अंगावरनं पण जातंय ओ." एवढं एक वाक्य बोलायला ती पंधरा किलोमीटर एसटीनं आलेली असायची. तू निदान लिहिलंस, मला बरं वाटलं.

आता हे पाणी येतं कुठून ते बघ. गर्भाशयाच्या तोंडाशी छोट्या ग्रंथी असतात, त्या चिकट स्राव तयार करतात. योनिमार्गाच्या आतल्या अस्तराच्या जुन्या पेशी रोज गळतात, अंगावरची मळी निघते तशा. त्यात थोडं पाणी आणि तिथले चांगले जंतू मिसळतात आणि ते सगळं हळूहळू खाली येतं, म्हणजे आतली सफाई आपोआप चालू असते. दिवसाला साधारण २ ते ५ मिली, अर्धा ते एक चमचा, कुणाला कमी, कुणाला जास्त. पाळी सुरू व्हायच्या सहा महिने-वर्षभर आधीपासून मुलींना ते दिसायला लागतं आणि पाळी गेल्यावर कमी होतं. म्हणजे ज्या ज्या बाईला पाळी येते त्या सगळ्यांना हे असतं, तुझ्या सासूबाईंना होतं, मला होतं, तुझ्या त्या ट्यूबवाल्या मैत्रिणीला पण आहे.

ते चांगले जंतू म्हणजे काय, तर तू दुधाला विरजण लावतेस ना, त्या विरजणातल्या जंतूंच्या भावकीतले. लॅक्टोबॅसिलस म्हणतात. दह्यात जे आम्ल तयार होतं तेच लॅक्टिक ॲसिड ते योनिमार्गात तयार करतात आणि तिथला पीएच (आंबटपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ च्या आसपास राखतात, जवळपास दह्याइतकं आंबट. एवढ्या आंबटपणात बाकीचे वाईट जंतू तग धरत नाहीत. म्हणून कधी कधी ताकासारखा किंचित आंबूस वास आला तर तोही चालतो. आणि तुझ्या काळ्या निकरीचं कोडं पण इथेच सुटतं. ते आम्लच आहे, रोज थोडं थोडं लागून कापडाचा रंग उडतो. कित्येक मुली ते बघून घाबरतात, नवी निकर आणतात, तिचाही रंग उडतो, मग अजून घाबरतात. पिवळट डाग म्हणजे तेच पांढरं पाणी हवा लागून वाळलेलं, बाकी काही नाही. (दही खायचं हं, आत लावायचं नाही, ते पण करणाऱ्या बायका मी बघितल्यात म्हणून सांगते.)

आता तू काय केलंस बघ. साबणाचा पीएच ९-१० असतो आणि जंतुनाशकाला चांगला जंतू कुठला, वाईट कुठला हे कळत नाही, ते सगळ्यांनाच मारतं. म्हणजे घराची राखण करणारे होते त्यांनाच तू रोज दोनदा हाकलत होतीस आणि वरून नाजूक कातडी भाजून घेत होतीस. चूक तुझी नाही, कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं. बाहेरचा भाग रोज आंघोळीला साध्या पाण्यानं धू, लागलाच तर सौम्य साबण फक्त बाहेरून, आत बोट घालून धुवायचं नाही, जाहिरातीतले वासाचे इंटिमेट वॉश पण नकोत. संडासला गेल्यावर पुढून मागे धू. रोजचं पॅड बंद कर, त्यात ओल कोंडते आणि कातडी सोलवटते. सुती निकर घाल आणि दिवसात दोनदा बदलावी वाटली तर बदल.

त्या ट्यूबचं वेगळं सांगायला पाहिजे. आपल्याकडे मेडिकलमध्ये खाजेसाठी म्हणून ज्या ट्यूब सहज मिळतात त्यातल्या बऱ्याच मिक्स असतात, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकत्र. स्टेरॉईडनं दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी असेल तर ती उलट फोफावते, कातडी पातळ होते ते वेगळंच. ट्यूबवर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेव, डॉक्टरांना दाखव.

लग्नानंतर जास्त का वाटतंय? कारण सरळ आहे, पण सांगत कुणीच नाही. संबंधाच्या वेळी योनिमार्ग स्वतःहून ओला होतो, ते पाणी वेगळं, आणि नवऱ्याचं वीर्य आत राहिलेलं दुसऱ्या दिवशीपर्यंत थोडं थोडं बाहेर येत राहतं. वीर्य आम्लाच्या उलट गुणाचं असतं, त्यामुळे काही तास वास पण थोडा बदलतो. नव्या नवऱ्या मुली हे इन्फेक्शन समजून घासून घासून धुतात. गर्भनिरोधक गोळ्यांवर आणि गरोदरपणात सुद्धा पाणी वाढतं.

आणि आता ते तार धरणारं पाणी. सासूबाई तर म्हणाल्या की पांढरं जातं म्हणूनच दिवस राहत नाहीत. नीट लक्ष देऊन वाच. पाळी संपल्यावर दोन-चार दिवस कोरडं असतं, मग पांढरट चिकट यायला लागतं, आणि पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी, बीजांड बाहेर पडायच्या सुमाराला, ते एकदम काचेसारखं, निसरडं, दोन बोटांत धरलं तर तार लांबते असं होतं, अगदी कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. बाकीच्या दिवसांत तो चिकट स्राव गर्भाशयाच्या तोंडावर बुचासारखा बसतो, शुक्राणू आत जाऊ देत नाही. त्या चार-पाच दिवसांत मात्र तो पातळ होतो, शुक्राणूंना वाट देतो आणि त्यात ते पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे ते पाणी दिवस राहायला मदत करतं गं, तेच तर दिवस राहायचे दिवस! ते तुला दर महिन्याला दिसतंय ही चांगली खूण आहे. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवा, आणि दिवस हवे असतील तर फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून आत्तापासूनच चालू कर.

नऊ महिने म्हणजे उशीर पण नाहीये. ३५ च्या आतल्या बाईला डॉक्टर सुद्धा वर्षभर प्रयत्न करा, मग बघू म्हणतात, कारण दहातल्या आठेक जोडप्यांना वर्षात दिवस राहतातच. वर्ष उलटलं तर तपासण्या दोघांच्या करायच्या, नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, ती आधी व्हायला हवी, कारण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत नवऱ्याच्या बाजूचंही काहीतरी निघतं. आपल्याकडे मात्र बाईला दहा ठिकाणी फिरवून झालं की मग त्याची पाळी येते, याचा मला फार राग येतो.

हाडं झिजतात याबद्दल. त्या पाण्यात हाडातलं काही नसतं. कॅल्शियम वाहून जात नाही, ताकद वाहून जात नाही. मग कंबर का दुखते, थकवा का येतो? आधी हिमोग्लोबिन बघ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालंय, म्हणजे दोनपैकी एकीच्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर थकवा तिथून असू शकतो. आणि दुसरं म्हणजे मनावरचं ओझं. गोव्यात जवळपास अडीच हजार बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला, त्यात असं दिसलं की पांढरं जातंय ही तक्रार इन्फेक्शनपेक्षा मनाच्या ताणाशी जास्त जोडलेली आहे. बायका स्वतःच कारण सांगताना टेन्शन आणि अंगातली उष्णता म्हणत होत्या. याचा अर्थ बाया खोटं बोलतात असा अजिबात नाही. दुखणं खरं असतं, फक्त घरात "मला त्रास होतोय" म्हणायला जागा नसते, अंगावरून जातंय म्हणायला निदान दवाखान्याची वाट असते. नऊ महिन्यांची नवी सून, रोज कुणीतरी विचारतंय काही विशेष का, त्यात ही हाडं झिजायची भीती. थकवा येणारच.

पण म्हणून सगळंच नॉर्मल असं समजू नको, आता दुसरी बाजू सांगते, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझं नेहमीचं कसं असतं ते तुला माहीत झालं की बदल लगेच कळतो. खाज सुटली, बाहेरून लाल झालं आणि पाणी फुटलेल्या दह्यासारखं गुठळ्या गुठळ्यांचं यायला लागलं तर ते बहुतेक बुरशीचं, कॅन्डिडा. आयुष्यात एकदा तरी बहुतेक बायकांना होतं, अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात, शुगर असेल तर जास्त. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासायचीच, कितीतरी बायकांचा डायबिटीस आम्हाला असा सापडला. औषध साधं आहे, पण तू दिवस राहायची वाट बघतेयस, तेव्हा मैत्रिणीच्या सांगण्यावरून यातली तोंडानं घ्यायची कॅप्सूल घेऊ नको, गरोदरपणात ती टाळतात.

पातळ, राखाडी, मासळीसारखा वास, संबंधानंतर तो वास वाढतो, हे वेगळं. त्यात ते विरजणवाले जंतू कमी होतात आणि दुसऱ्यांची गर्दी होते, बॅक्टेरियल व्हजायनोसिस नाव आहे. आत धुणाऱ्या बायकांना हे जास्त होतं, म्हणून तुला मी एवढं बजावतेय. पिवळं-हिरवं, फेसाळ, खूप वास आणि जळजळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो, तो संबंधातून येतो, तेव्हा औषध नवरा-बायको दोघांनी एकदमच घ्यायचं, एकटीनं घेतलं तर पंधरा दिवसांत परत तेच. आणि पाण्याबरोबर ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी आतून कळ येते, तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी जायचं, कारण इन्फेक्शन वर गर्भनलिकांपर्यंत गेलं तर पुढे मूल राहायला खरंच अडचण येते. पाळी चुकलेली असताना पोटात दुखून रक्त दिसलं तरी तसंच, लगेच.

आणि रक्त. पाळी नसताना लाल-तपकिरी डाग, संबंधानंतर रक्त, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसलेला एक थेंब सुद्धा, किंवा घाण वासाचं रक्तमिश्रित पाणी, हे कधीच अंगावर काढायचं नाही. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. दीड वर्ष पाणी जात होतं, वास येतो म्हणून घरात त्या वेगळ्या कोपऱ्यात झोपायच्या, जुन्या लुगड्याच्या घड्या करून लावायच्या. मी विचारलं, आधी का नाही आलात, तर म्हणाल्या, "पानी तर समद्या बायांचंच जातंय की." गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पुढे गेलेला. ते वाक्य मी विसरू शकत नाही. एकीकडे तुझ्यासारखी पोर नॉर्मल पाण्याला आजार समजून अंग भाजून घेते आणि दुसरीकडे त्या बाई आजाराला नॉर्मल समजून बसल्या, आणि दोघींचं कारण एकच, कुणाशी बोलायची सोय नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आता दवाखान्याचं. जळजळ सगळं बंद केल्यावर चार-पाच दिवसांत थांबायला पाहिजे. थांबली नाही, किंवा खाज-वास सुरू झाला, तर दाखव, ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात. पाळी चालू नसताना जा आणि आदल्या दिवसापासून आत काही लावू नको. आत गेल्यावर पहिलंच वाक्य हेच बोल, "अंगावरून पांढरं जातंय आणि आठ दिवस जळजळ आहे", कंबरेपासून सुरुवात करू नको. तपासायला स्पेक्युलम म्हणून बदकाच्या चोचीसारखं साधन असतं, ते आत घालून हलकेच उघडतात, दोन-तीन मिनिटांचं काम, अंग सैल सोडून तोंडानं श्वास घेतलास तर सहसा दुखत नाही, दाब जाणवतो तेवढाच. पाण्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की बुरशी आहे का काय आहे ते कळतं. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना बाई सिस्टर शेजारी असलीच पाहिजे, नसेल तर "सिस्टरना बोलवा" असं स्पष्ट सांग, कुणी रागावणार नाही. तुझ्याशी एकटीशी बोलायचंय असंही तू म्हणू शकतेस, तो तुझा हक्क आहे, सासूबाई पाच मिनिटं बाकावर बसतील.

नवऱ्याला सांग. सगळं एकदम नको, एवढंच सांग की जळजळ होतेय, काही दिवस थांबूया आणि मला दाखवायचंय. नऊ महिने एकत्र राहिलेल्या माणसाला एवढं कळतं, आणि कळत नसेल तर कळायला हवं.

सासूबाईंवर राग धरू नको. त्यांना त्यांच्या सासूनं जे सांगितलं तेच त्यांनी तुला सांगितलं, आणि मला तर वाटतं त्यांना स्वतःला कधी कुणी तपासलेलं पण नसेल. त्या बरोबर येणारच आहेत ना, मग त्यांचा पण केसपेपर काढ. ३० ते ६५ वयाच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, पातळ व्हिनेगर लावून बघतात, जागा पांढरी पडली तर पुढची तपासणी. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलनं सुमारे दीड लाख बायकांमध्ये याच तपासणीचा अभ्यास केला होता, तपासणाऱ्या शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. घरात ९ ते १४ वयाची कुणी मुलगी असेल, नणंद, पुतणी, तर तिच्या एचपीव्ही लसीचं (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याच्यावरची लस) पण तिथेच विचारून घे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आपली लस आता मिळते, या वयात दोन डोस पुरतात.

आणि एक, तू लिहिलं नाहीस पण मी ओळखलंय, निकर तू बाथरूमच्या दांडीवर परकराखाली लपवून वाळत घालतेस ना? ओली राहते ती, कुबट वास येतो, त्या ओलीत बुरशी धरते. गच्चीवर, उन्हात, उघड्यावर घाल. पहिल्या दिवशी लाज वाटेल, चौथ्या दिवशी कुणाचं लक्ष पण जाणार नाही.

दवाखान्यात जाऊन आलीस की मला दोन ओळी टाक, आणि सासूबाईंनी तपासून घेतलं का तेही लिही.

तुझी,
ताई